चाळीस वर्षांनी उघडलेला तपास : ‘अनफॉरगॉटन’

लंडनमधली एक जुनी इमारत पाडली जात असताना तिच्या तळघरात कामगारांना मानवी कवटी सापडते. ही हाडे अलीकडची आहेत की दोन-तीन पिढ्यांपूर्वीची, हे लगेच कोणालाच सांगता येत नाही. हाडे फार जुनी निघाली तर पोलिसांचे काम तिथेच संपेल आणि इमारतीचे बांधकाम पुढे सुरू होईल. तपासाची प्रमुख असलेली कॅसी स्टुअर्ट मात्र या शक्यतेवर विसंबून घरी जात नाही. हा कोणाचा तरी मुलगा आहे आणि त्याची वाट पाहणारे माणूस अजून जिवंत असू शकते, एवढ्याच विचारावर ती तपास सुरू ठेवते. ख्रिस लँग यांनी लिहिलेली ‘अनफॉरगॉटन’ ही मालिका ऑक्टोबर 2015 मध्ये ब्रिटनच्या आयटीव्ही वाहिनीवर सुरू झाली. तिच्या प्रत्येक पर्वात सहा भाग आणि एकच जुना खून असतो. गेल्या पावसाळ्यात आम्ही उभयतांनी सांगलीच्या घरी तिची पहिली चार पर्वे रोज दोन भाग याप्रमाणे पाहिली आणि मग पाचव्याकडे वळलो. गुन्हेकथेत मला जे हवे असते आणि फार क्वचित मिळते, ते या मालिकेत पुष्कळ मिळाले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

माझी नोकरी न्यायालयात कारकुनाची होती आणि त्यातली बरीच वर्षे अभिलेख कक्षात गेली. गुन्हा खरा आहे पण आरोपी मिळत नाही, अशा प्रकरणात आपल्याकडे पोलीस न्यायालयाकडे ‘अ’ समरीचा अहवाल पाठवतात आणि तो मंजूर झाला की कागद दप्तरात बांधून फडताळात जातात. खुनाला मुदतीची मर्यादा नसल्यामुळे नवा पुरावा हाती आला तर तपास पुन्हा करता येतो, परंतु बांधलेले दप्तर कोणीतरी उठून सोडावे लागते आणि ते सोडणारे माणूस सहसा येत नाही. या मालिकेचा विषय म्हणजे तो येणारा माणूस. त्यामुळे पाठलाग, गोळीबार किंवा हुशार गुप्तहेराने शेवटी सर्वांना दिवाणखान्यात बसवून केलेला उलगडा यांची अपेक्षा ठेवून कोणी ती पाहू नये. येथे बहुतेक वेळ फोन करणे, जुन्या याद्या तपासणे, पत्ते शोधणे आणि म्हाताऱ्या माणसांच्या घरी चहा घेत त्यांना बोलते करणे यातच जातो.

पहिल्या पर्वातले मृत माणूस म्हणजे जिमी सलिव्हन, 1976 साली बेपत्ता झालेला तरुण. त्याच्यापर्यंत पोलीस पोहोचतात ते एका गंजलेल्या किल्लीच्या आधारे. किल्लीवरून गाडी, गाडीतून पिशवी आणि पिशवीतून ओल खाऊन लगदा होत आलेली रोजनिशी, असा हा माग आहे. त्या रोजनिशीची पाने एकेक करून सुटी केली जातात, तो प्रसंग मी पुन्हा मागे नेऊन पाहिला. 2019 च्या महापुरात गावभागातल्या आमच्या घराच्या खालच्या मजल्यावर पाणी शिरले आणि वडिलांच्या हिशेबाच्या वह्या त्यात बुडाल्या. पाणी ओसरल्यावर मी पंधरा दिवस पंख्याखाली बसून त्या वह्यांच्या पानापानात वर्तमानपत्राच्या घड्या घालत होतो. दौतीच्या शाईची अक्षरे निळा डाग होऊन पसरली होती, शिसपेन्सिलीने लिहिलेले मात्र जसेच्या तसे राहिले होते. पान फाटू नये म्हणून त्या वेळी श्वास कसा रोखला जातो, हे मला ठाऊक आहे, आणि मालिकेने तो प्रसंग घाई न करता दाखवला याबद्दल दिग्दर्शक अँडी विल्सन यांचे मनापासून कौतुक वाटते.

तपास एका बाजूला चालू असताना मालिका दुसऱ्या बाजूला चार-पाच अनोळखी संसार दाखवत राहते. एक राजकारणातला बडा माणूस आहे, एक धर्मगुरू आहे, गरीब मुलांसाठी काम करणारी एक बाई आहे आणि स्मृतिभ्रंश झालेल्या पत्नीची काळजी घेणारे, स्वतः चाकांच्या खुर्चीत बसलेले एक वृद्ध गृहस्थ आहेत. यांचा एकमेकांशी संबंध काय, हे प्रेक्षकाला बराच वेळ कळत नाही. मग रोजनिशीतली नावे एकेका दारापर्यंत येऊन पोहोचतात. मालिकेची खरी ताकद यानंतर दिसते. खून कोणी केला यापेक्षा, चाळीस वर्षे आपण ज्या माणसासोबत राहिलो ते कोण होते, हा प्रश्न त्यांच्या बायकामुलांसमोर उभा राहतो. जो खुनी नाही, त्याचीही जुनी लबाडी किंवा जुने क्रौर्य त्या उजेडात येते आणि त्याच्या घराची घडी कायमची विस्कटते. वृद्ध एरिक स्लेटरची भूमिका टॉम कोर्टनी यांनी केली असून तिच्यासाठी त्यांना 2016 चा बाफ्टा पुरस्कार मिळाला. पत्नीला भरवताना त्यांच्या चेहऱ्यावर प्रेम, थकवा आणि भीती एकाच वेळी दिसतात.

जिमीची आई मॉरीन हे मात्र या पर्वातले माझ्या मनात सर्वांत खोल गेलेले पात्र आहे. आमच्या गल्लीत एक आजी होत्या. त्यांचा थोरला मुलगा 1972 च्या दुष्काळात कामाच्या शोधात मुंबईला म्हणून गेला, तो परत आला नाही. सात वर्षे खबरबात नसलेला माणूस मृत मानता येतो, असे कायदा सांगतो, आणि कोणीतरी आजींना तेही समजावले होते. रेशन कार्डावरून त्याचे नाव कमी करायचे ठरले तेव्हा त्या दारात उभ्या राहून म्हणाल्या होत्या, “नाव कशाला कमी करता साहेब? आला म्हंजे त्याच्या वाटणीची साखर कुठनं आणू?” मॉरीनच्या घरी कॅसी बातमी घेऊन जाते, तेव्हा लेखकाने तिच्या तोंडी लांब भाषण घातलेले नाही. माझी पत्नी त्या प्रसंगात उठून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

निकोला वॉकर यांची कॅसी आणि संजीव भास्कर यांचा सनी खान ही जोडी मालिकेचा कणा आहे. पाठीवर सॅक अडकवून फिरणारा, दोन मुलींना एकट्याने वाढवणारा सनी आणि कॅसी यांच्यात कुरघोडी नाही, अकारण भांडण नाही आणि ओढूनताणून आणलेले प्रेमप्रकरणही नाही. दोन सहकारी एकमेकांच्या कामाचा मान राखून वर्षानुवर्षे बरोबर काम करतात, हे दूरदर्शनच्या पडद्यावर इतके दुर्मीळ का असावे, हे मला समजत नाही. कॅसी चौकशीत आवाज चढवत नाही. ती प्रश्न विचारते आणि थांबते, आणि समोरच्याला ते थांबणे असह्य होते.

आपल्याकडच्या प्रेक्षकाला या चौकशीच्या दृश्यांत एक गोष्ट खटकण्याची शक्यता आहे. आपल्या पुरावा कायद्याच्या कलम 25 नुसार, आणि आता त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 23 नुसार, पोलिसांसमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. त्यामुळे ठाण्यातल्या खोलीत कोणी सर्व काही सांगून टाकले, तर त्याचा खटल्याला काय उपयोग, असा प्रश्न आपल्या मनात सहज येतो. इंग्लंडमध्ये आरोपीला आधी रीतसर ताकीद दिली जाते, हवा असल्यास वकील शेजारी बसतो, संभाषण ध्वनिमुद्रित होते आणि ते न्यायालयात पुरावा म्हणून वाचता येते. हे लक्षात घेतले की त्या लहानशा खोलीतल्या दृश्यांचे वजन कळते. तरीही माझी तक्रार राहतेच, कारण पुढच्या पर्वांत माणसे फार सहज कबूल होतात. पुराव्याने गाठले म्हणून बोलण्याऐवजी भाग संपत आला म्हणून बोलल्यासारखे अधूनमधून वाटते. चार संशयित, चार घरे, चार गुपिते हा साचाही तिसऱ्या पर्वापर्यंत ओळखीचा होतो. कॅसीच्या वडिलांच्या नव्या सोबतीवरून घरात होणारे वाद तर मला लांबण लावल्यासारखेच वाटले.

दुसऱ्या पर्वात ली नदीतून निघालेल्या सूटकेसमध्ये प्रेत सापडते आणि तपास अशा वळणावर येतो की, अधिकाऱ्यांना कायद्याची बाजू घ्यावी की दुखावलेल्यांची, हे ठरवावे लागते. पहिल्यांदा पाहणाऱ्यांसाठी तो निर्णय येथे सांगत नाही. मला तो पटला नाही, कारण कोणत्या खुनाचा निकाल लावायचा आणि कोणत्या नाही, हे तपास अधिकाऱ्याने ठरवू नये असे मी नोकरीभर मानत आलो. माझी मुलगी नेमकी याच्या उलट बोलते आणि या विषयावर आमचे दोनदा फोनवर बोलणे झाले आहे. तिसरे पर्व मोटारमार्गाखाली सापडलेल्या हेली रीड नावाच्या शाळकरी मुलीचे आहे आणि सर्व पर्वांत तेच सर्वांत अंधारे आहे. ते रात्री उशिरा पाहू नये.

चौथ्या पर्वात थकलेल्या कॅसीला नोकरी सोडायची आहे, परंतु निवृत्तिवेतनासाठी तीस वर्षे पूर्ण होण्यास काही महिने कमी पडतात म्हणून तिला परत कामावर यावे लागते. सरकारी नोकरी केलेल्या कोणालाही हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही. पूर्ण सेवेच्या तारखेकडे डोळे लावून, मन उडालेल्या अवस्थेत रोज खुर्चीवर येऊन बसलेली माणसे मी जवळून पाहिली आहेत. निकोला वॉकर यांनी ते खांद्यांच्या ठेवणीतून आणि जिना चढण्याच्या गतीतून दाखवले आहे. त्या पर्वानंतर त्या मालिकेत नाहीत. पाचव्या पर्वात सिनेड कीनन यांची जेस जेम्स ही नवी प्रमुख येते आणि सुरुवातीला तिचे आणि सनीचे जमत नाही. पहिले दोन भाग मीही तिच्याकडे परक्या नजरेनेच पाहिले आणि सनी ज्या कारणाने तिच्याशी तुटक बोलतो, त्याच कारणाने मलाही ती नकोशी वाटली. पर्वाच्या मध्यावर मात्र ती एका साक्षीदारासमोर बसून, प्रश्न विचारून, थांबली. सनीने मान वर करून तिच्याकडे पाहिले आणि आमच्या घरातही त्या क्षणी कोणी काही बोलले नाही.

उच्चार वेगवेगळ्या प्रांतांतले असल्यामुळे उपशीर्षके लावूनच पाहावे, पहिल्या पर्वापासून क्रमाने पाहावे आणि सलग सहा भाग एका बैठकीत संपवू नयेत, एवढे सुचवावेसे वाटते. आमचे पाचवे पर्व काल संपले आणि सहावे आम्ही येत्या रविवारी सुरू करणार आहोत.