जर्मनी की जपान?

भाच्याच्या हातात दोन ऑफर: एक श्टुटगार्टची, एक नागोयाची. पगारात फारसा फरक नाही, म्हणून तो मुद्दा सोडून देऊ.

खरा फरक मीटिंगमध्ये. जर्मन साहेब चारचौघांत सरळ म्हणेल, "हे चुकलंय." मनाला लागतं, पण जेवायच्या सुट्टीत तोच शेजारी येऊन बसतो. जपानमध्ये हळू आवाजात "जरा अवघड आहे" आलं, की नाही म्हणालेत असं समजायचं. तिथे निर्णय बऱ्याचदा मीटिंगआधीच होतो. एकेकाला गाठून विचारायचं. त्याला 'नेमावाशी' म्हणतात. झाड हलवण्याआधी मुळांभोवतीची माती मोकळी करणं, हा मूळ अर्थ. वेळ खातं, पण एकदा ठरलं की काम सुसाट.

सुट्टी जर्मनीत पाच दिवसांच्या आठवड्याला कायद्याने किमान 20 दिवस. जपानमध्ये सहा महिन्यांनंतर 10, त्याही घ्यायला माणसं संकोचतात. मात्र जर्मनीत रविवारी बहुतेक दुकानं बंद, दूध शनिवारीच आणा. जपानमध्ये कोपऱ्यावरचं दुकान रात्री दोनलाही उघडं. कचरा दोन्हीकडे निवडावाच लागतो.

तोंडावर बोललेलं पचत असेल आणि संध्याकाळ घरी हवी असेल, तर जर्मनी. न बोललेलं ऐकू येत असेल, धीर असेल, तर नागोया. आमच्या भाच्याला आईचंही न बोललेलं कळत नाही. त्याने श्टुटगार्ट धरावं.