सिनेमावाल्यांची सहकारी संस्था काढतो म्हणून १४ जणांना गंडवलं, त्यातला एक मी, दूध संस्थेच्या सचिवाचा पोरगा

आधी आकडे सांगून टाकतो. माझे स्वतःचे ४६,६०० रुपये, वर २१,५०० चा माईक आणि सहा गाणी. सगळ्या ग्रुपचे रोख मिळून ४,२६,९००. लिहू की नको करत बरेच दिवस काढले कारण आमच्यातल्या निम्म्या लोकांनी अजून घरात सांगितलेलं नाही, पण परवा कळलं की तोच माणूस आता सांगलीकडं नाटकवाल्यांना आणि गाणाऱ्यांना गाठून तेच भाषण ठोकतोय, मग म्हटलं लाज गेली खड्ड्यात, लिहून टाकू.

आम्ही म्हणजे कोल्हापूर आणि आसपासच्या गावांतले १४ जण. शॉर्ट फिल्म करणारे, लग्नाच्या शूटिंगवर पोट चालवणारे दोन कॅमेरावाले, एक एडिटर जो दिवसा झेरॉक्सच्या दुकानात बसतो, एक हलगी वाजवणारा, दोन पोरी ज्या लिहितात. मी गाणी करतो. माझा स्टुडिओ म्हणजे गोठ्यावरचा माळा, भिंतीला जुन्या गाद्या ठोकल्यात, आणि म्हशी शांत झाल्यावर रात्री ११ नंतरच व्होकल घेता येतो, तरी दोन ट्रॅकमध्ये मागं म्हैस हंबरते ती ऐकू येतेच. सांगायचं कारण, आमच्याकडं काही नाही म्हणूनच असल्या माणसाला आम्ही सापडतो.

८ ऑगस्ट २०२४ ला रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. कोल्हापूरच्या माणसाला याच्यापुढं काही सांगावं लागत नाही, त्या रात्री खासबागेपाशी उभं राहून मोठमोठी माणसं रडताना मी बघितलीत. हा गडी बरोबर पाच महिन्यांनी, जानेवारी २०२५ मध्ये आला. ओळखीच्या एका एडिटरमार्फत. 'मुंबईत लाईन प्रोड्युसर होतो, म्हणजे शूटिंगचा खर्च आणि व्यवस्था बघायचो, आता आपल्या मातीसाठी काहीतरी करायचंय.' आम्ही सगळे त्याला सर म्हणायचो. (आता वेगळं म्हणतो, ते इथं लिहिता येत नाही.)

पहिल्या मीटिंगला त्यानं जे भाषण केलं ते मला अजून पाठ आहे. शाहू महाराजांनी बांधलेलं थिएटर राख झालं, बाबूराव पेंटरांनी स्वतःच्या हातानं कॅमेरा बनवला ते हे गाव, प्रभात फिल्म कंपनी १९२९ ला इथं सुरू झाली आणि १९३३ ला पुण्याला गेली, आपण बघत बसलो. मग म्हणाला, 'दुधाचा संघ आपण उभा केला, साखर कारखाना उभा केला, पतसंस्था तर गल्लीगल्लीत आहेत, मग सिनेमाची सहकारी संस्था का नको? कॅमेरा संस्थेचा, लाईट संस्थेचे, स्टुडिओ संस्थेचा, भाडं सभासदाला निम्मं.' आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. कोल्हापूरकराला कलापूर म्हटलं की तो विरघळतो, वर सहकार म्हटलं की संपलाच. टेबलावर सोनीचा एफएक्स-३ कॅमेरा ठेवलेला, केज (कॅमेऱ्याभोवतीची धातूची चौकट), लेन्स, सगळं. केजच्या खाली पांढरा स्टिकर होता, त्यावर मार्करनं ७ लिहिलेला. रेंटलवाले आपल्या सामानाला असे नंबर टाकतात हे आमच्या कॅमेरावाल्याला माहिती होतं, मलाही माहिती होतं. कुणी विचारलं नाही. त्या दिवशी सभासद नोंदणी म्हणून प्रत्येकी १,१०० घेतले. अकराशे. देवळाच्या वर्गणीसारखा आकडा, कोण नाही म्हणणार?

बरं, पहिल्याच महिन्यात पळाला असता तर आम्ही एवढे गाढव ठरलो नसतो. पण त्यानं खरंच कार्यक्रम केला. मार्चमध्ये एका मंगल कार्यालयात आमच्या पाच शॉर्ट फिल्म दाखवल्या. माझी एक होती, १९ मिनिटांची, गाणी माझी आणि दिग्दर्शन मित्राचं. त्यासाठी माझ्याकडून डीसीपीचे (थिएटरच्या प्रोजेक्टरला लागणारी फिल्मची फाईल) ८,५०० आणि सेन्सॉरचे १२,००० घेतले. आता याच्यातली मेख बघा, तो धादांत खोटं बोलत नव्हता. लोकांना जाहीर दाखवायचं तर सेन्सॉर सर्टिफिकेट लागतं हे खरंच आहे. पण तो अर्ज ऑनलाईन असतो, निर्मात्याच्या स्वतःच्या लॉगिननं करायचा असतो, फी तिथंच भरायची असते. माझं लॉगिन कधी काढलंच नाही, मग १२,००० कुणाला गेले? आणि नुसतं यूट्यूबवर टाकायचं असेल तर सेन्सॉर लागतच नाही, हे लक्षात ठेवा, कारण त्यानं एका पोरीकडून यूट्यूबच्या फिल्मसाठीपण सेन्सॉरचे पैसे घेतले. डीसीपी तर डीसीपी-ओ-मॅटिक नावाच्या फुकट सॉफ्टवेअरवर घरच्या लॅपटॉपला होतो, वेळ लागतो पण होतो.

स्क्रीनिंगला माझी आई पुढच्या रांगेत बसलेली. फिल्म सुरू व्हायच्या आधी एक-दोन सेकंद पडद्यावर नारंगी कोन दिसला. व्हीएलसीचा, लॅपटॉपवर व्हिडिओ बघायचा फुकट प्लेअर. म्हणजे ८,५०० रुपयांच्या डीसीपीऐवजी साधी फाईल पेन ड्राईव्हवरनं लॅपटॉपला लावून चालली होती. मला दिसलं. मी साऊंडचा माणूस, मला कळलं. पण आई शेजारणीला सांगत होती 'हे आमच्याचं गाणं', लोक टाळ्या वाजवत होते, आणि त्या क्षणी उठून मागं जाऊन भांडायला मन झालं नाही. तुम्ही गेला असता का? खरं सांगा.

आता तो दिवस. एप्रिलचा दुसरा आठवडा. 'शेअर्स' गोळा करायचे ठरले, प्रत्येकी २५,०००, चौदा जणांचे साडेतीन लाख, त्यातनं कॅमेरा किट आणि उरलेल्यात संस्था नोंदणी. संध्याकाळी मी अण्णांना (माझे वडील) सांगितलं. अण्णांनी गावच्या दूध संस्थेत २८ वर्षं सचिव म्हणून वही लिहिली, फॅटचा पॉईंटसुद्धा कधी इकडचा तिकडं झाला नाही. ते फक्त एवढंच म्हणाले, 'नोंदणी नंबर काय?' मी म्हटलं नियोजित आहे अण्णा, अजून व्हायचीय. ते म्हणाले, 'मग खातं नियोजितच्या नावानं असंल. कुठल्या बँकेत?' आणि मी, दहावीत असताना यांच्याच वहीतनं शेअर रजिस्टर बघून व्याज काढायला शिकलेला मी, म्हटलं, 'अण्णा आता सगळं ऑनलाईन असतं.'

हे वाक्य मला रात्री झोपू देत नाही.

मग क्यूआर स्कॅन केला. वरती नाव आलं ते कुठल्यातरी कृषी सेवा केंद्राचं. बायको शेजारी उभी, म्हणाली, 'अहो हे खताच्या दुकानाचं नाव दिसतंय की.' मी सरांना फोन लावला, पहिल्या रिंगला उचलला (नंतर कधी उचलला नाही), म्हणाले आपल्या सीएंच्या भावाचं खातं आहे, करंट अकाऊंट आहे म्हणून, संस्थेचं खातं उघडलं की सगळं एकदम ट्रान्स्फर. एवढं पटकन, एवढं साधं बोलले की मलाच विचारल्याचा संकोच वाटला. अंगठा स्क्रीनवर होता, बायको बघत होती, ग्रुपवर बाकीच्यांचे स्क्रीनशॉट पडत होते, ११ जणांचे पडलेले, मी बारावा. पिन टाकला. टिंग.

नंतर अण्णांनी नीट समजावलं, ते इथं देतो कारण सहकाराच्या नावानं तुमच्याकडं कुणी आला तर उपयोगी पडेल. संस्था नोंदवायला वेगवेगळ्या कुटुंबांतले किमान १० जण लागतात, आधी नाव राखून घ्यायचं असतं, मग नियोजित संस्थेच्या नावानं बँकेत खातं उघडायची परवानगी मिळते, भाग भांडवल त्या खात्यात जमा होतं आणि नोंदणी होईपर्यंत ते कुणाला आपल्या मर्जीनं काढता येत नाही. म्हणजे पैसे संस्थेचे असतील तर ते संस्थेच्या नावाच्या खात्यातच जातात. भावाच्या नाही, सीएच्या नाही, खताच्या दुकानाच्या तर नाहीच नाही.

मे महिन्यात अजून एक घाण केली ती मी पैशापेक्षा जास्त लावून घेतलीय. 'संस्थेचं म्युझिक लेबल' म्हणून ५०० च्या स्टॅम्पवर करार केला. मी सहा गाण्यांचे मास्टर (तयार गाण्याची शेवटची फाईल) आणि सगळे स्टेम्स (आवाज, वाद्यं यांचे सुटे ट्रॅक) पेन ड्राईव्हमध्ये घालून दिले आणि माझा कंडेन्सर माईक 'कॉमन पूल'मध्ये जमा केला, सेकंडहँड घेतलेला, पण २१,५०० चा. कराराची प्रत नंतर मिळते म्हणाले. मिळाली नाही, मी फोटो काढला होता म्हणून आज वाचायला तरी आहे. त्यात लिहिलंय, सर्व हक्क कायमस्वरूपी व संपूर्ण विश्वात. विश्वात! माझं गाणं आमच्या तालुक्याबाहेर गेलेलं नाही आणि मी मंगळावरचे हक्क देऊन बसलो. वकील मैत्रीण म्हणाली, १९५७ च्या कॉपीराईट कायद्यात करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत, म्हणून असली माणसं कायमस्वरूपी आणि विश्व हे दोन शब्द मुद्दाम घालतात. सहीच्या आधी हे दोन शब्द शोधा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा लिहून दिला तरी सुटत नाही, तेवढाच एक दिलासा, पण वाटा मागायला समोर माणूस तरी हवा ना.

जूनमध्ये फोन बंद. ऑफिस म्हणून दाखवलेली खोली महिन्याच्या भाड्यानं घेतलेली. जुलैत मी माझ्याच चॅनेलवर माझंच गाणं टाकलं तर कॉपीराईट क्लेम आला, कुठल्यातरी न ऐकलेल्या लेबलच्या नावानं. म्हैस हंबरते त्याच जागी हंबरतेय, गाणं माझं, गोठा माझा, म्हैस माझी, आणि जाहिरातीचे पैसे त्या लेबलला. डिस्प्यूट टाकलाय, समोरच्याला उत्तराला ३० दिवस असतात.

आता साहेबलोकांची गंमत. पहिल्या पोलीस ठाण्यात गेलो सहा जण. हवालदार म्हणाला, पैसे तुम्ही स्वतः पाठवले ना, मग हे सिव्हिल मॅटर. मी म्हटलं साहेब फसवणूक आहे, ४२०. तो हसला, '४२० राहिलं नाही आता, ३१८ झालं, एवढंपण माहिती नाही?' म्हणजे कलम शिकवायला वेळ आहे, लिहून घ्यायला नाही. मग विचारलं पैसे पाठवले तेव्हा कुठं होता. घरी होतो. मग तिकडच्या ठाण्यात जा. तिकडं गेलो तर म्हणाले मीटिंग शहरात झाली ना, मग शहरात जा. चार फेऱ्या, प्रत्येक वेळी हलगीवाल्याची हजेरी बुडली, कारण साहेब म्हणायचे सगळे तक्रारदार पाहिजेत. पाचव्या वेळी मी मोबाईलवर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ उघडून नेलं, हद्द कुठलीही असो खबर घ्यावी लागते असं त्यात स्वच्छ लिहिलंय. साहेब म्हणाले 'कायदा आम्हाला शिकवू नका' आणि अर्जावर फक्त पोच दिली. गुन्हा नाही, अर्ज. दोन्हीत फरक आहे, आवक नंबरच्या शिक्क्याला एफआयआर समजून घरी येऊ नका, आम्ही तीन आठवडे तसंच समजत होतो.

सहकार खात्याच्या एका ऑफिसात गेलो. तिथला क्लार्क अर्ज वाचून म्हणाला, 'ही संस्था आमच्याकडं नोंदलेलीच नाही.' म्हटलं तेच तर सांगतोय साहेब. तर म्हणाला, 'नोंदलेली नाही म्हणजे संस्था नाही. संस्था नाही तर तक्रार कुणाविरुद्ध?' अण्णा बरोबर होते, २८ वर्षं यांच्या ऑडिटला चहा पाजलेला माणूस, ते काही बोलले नाहीत, टोपी काढली, परत घातली. कलाकारांच्या एका संघटनेत गेलो तर विचारलं सभासद आहात का, नाही म्हटल्यावर आधी सभासद व्हा, फी भरा, मग बघू. परत फी! त्या खताच्या दुकानाचं खातं असलेल्या बँकेत गेलो, मॅनेजर म्हणाले ग्राहकाची माहिती देता येत नाही. दुकानदार एकदा फोनवर सापडला, म्हणाला मला फक्त पैसे आले की कॅश द्यायला सांगितलेलं, मी कुणाला ओळखत नाही.

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, आम्ही फोन केला तो जुलैत, म्हणजे पैसे जाऊन तीन महिने. ती चूक आमचीच. पैसे गेल्यागेल्या, तासाभरात करा, पुढच्या खात्यात जायच्या आत अडवले तर अडवले. आम्ही आपले ग्रुपवर 'सर बिझी असतील' लिहीत बसलो.

अजून काही, सुचेल तसं. क्यूआरवरचं नाव आणि पावतीवरचं नाव एक नसेल तर पैसे पाठवू नका, समोरचा कितीही पटकन उत्तर देऊ दे. स्टेम्स कधीच देऊ नका, लेबलला मास्टर पुरतो. सामान दिलं तर सिरियल नंबरसकट पोच घ्या, माझ्याकडं माईकचा नंबरच नव्हता म्हणून तो अर्जातपण नीट लिहिता आला नाही. ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकू नका, माझ्या आधीच्या ११ स्क्रीनशॉटनी मला जेवढं ढकललं तेवढं त्या माणसानंपण नाही. आणि नाट्यगृह, प्रभात, शाहू महाराज यांची नावं घेऊन कुणी पैसे मागितले की खिशावर हात ठेवा. काही लोक म्हणतील हाव नडली. हाव कसली, निम्म्या भाड्यात कॅमेरा मिळंल एवढीच तर आशा होती.

आता पोस्टानं पोलीस अधीक्षकांना अर्ज पाठवतोय, त्याच १७३ खाली, तिथं नाही झालं तर मॅजिस्ट्रेटकडं. सोमवारी पोस्टात टाकायचंय, १४ जणांच्या सह्या पाहिजेत, नऊच झाल्यात, बाकीचे म्हणतात घरी कळेल. सांगलीकडं कुणाला असं भाषण ऐकायला मिळालं असेल, उंच, चष्मा, बोलताना सारखं 'आपल्या मातीतलं' म्हणणारा, टेबलावर कॅमेरा ठेवलेला असेल तर उचलून केजच्या खाली बघा आणि मला कळवा.