टांगता पाट की सांखेड्याचा झोपाळा?

बडोद्यात नव्या फ्लॅटमध्ये सोफा, टीव्ही युनिट, स्वयंपाकघराचे कप्पे यांवर घरात फारसा वाद होत नाही, ते सगळं नव्या पद्धतीचंच येतं. हॉलमध्ये एक तरी जुन्या वळणाची वस्तू हवी आणि ती झोपाळाच असावी, यावरही इथल्या मराठी-गुजराती घरांत एकमत असतं. गाडी अडते ती पुढे. सागवानी पाट पितळी कड्यांवर छतातून टांगायचा, की सांखेडा गावचा रंगीत, स्वतःच्या चौकटीवर उभा राहणारा झोपाळा आणायचा? आमच्या हॉलमध्ये बरीच वर्षं सांखेड्याचा होता आणि आता पाट आहे. त्यामुळे दोन्हींबद्दल अनुभवाचं बोलतो. तुमच्या घराचा हिशेब वेगळा निघू शकतो, हे आधीच मान्य.

सांखेड्याची बाजू आधी मांडतो, कारण तिचं मला मनापासून कौतुक आहे. डभोईवरून पुढे गेलं की ओरसंग नदीकाठी हे गाव लागतं. पूर्वी ते बडोदे जिल्ह्यात होतं, २०१३ पासून छोटा उदेपूरमध्ये आहे. खरादी सुतारांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेलं हे काम एकदा तिथे जाऊन बघाच. लाकूड सागाचंच. खरादावर (लेथवर) खांब आणि दांडे कातले जातात, त्यांवर रंगाचा हात आणि मग नक्षी. नक्षीत सोनं नसतं, असतं कथील. ते अकीकाच्या दगडाने घासून चकाकवतात तेव्हा ते चंदेरीच दिसतं. वर लाख चढली की तीच नक्षी सोनेरी होते. हे पहिल्यांदा पाहताना मी बराच वेळ जागचा हललो नव्हतो. या कामाला भौगोलिक मानांकन आहे आणि ते योग्यच आहे.

आता तो झोपाळा नव्या हॉलमध्ये कसा दिसतो? मरून-सोनेरी सांखेडा सगळं लक्ष स्वतःकडे ओढतो. करडा सोफा, पांढऱ्या भिंती, छतात लपवलेले दिवे, यांच्यात तो एकटा भरजरी उभा राहतो. काहींना तेच हवं असतं. मला वाटतं, अशा खोलीत मग दुसरी नक्षीदार वस्तू ठेवू नये. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये व्हेनिसच्या पद्धतीची मोझेक फरशी आणि बेल्जियमच्या रंगीत काचा एकत्र नांदतात, पण तिथे त्यांना ऐसपैस जागा मिळते. आपल्या अठरा बाय बाराच्या हॉलमध्ये एकाच वस्तूने बोललेलं बरं. हल्ली सांखेड्यात काळा, हस्तिदंती असेही रंग मिळतात. हस्तिदंती रंग आजच्या फ्लॅटमध्ये फार सुरेख बसतो. सांखेडाच घ्यायचा ठरला, तर मी हात त्याच रंगावर ठेवीन.

देखभालीत सांखेडा सोपा. कोरडं फडकं पुरतं. कातलेल्या खाचांतली धूळ काढायला एखादा मऊ ब्रश. गरम कप थेट ठेवू नये, लाखेला उष्णता सोसत नाही. बाकी विशेष काही नाही.

माझं मत ज्या गोष्टीने फिरलं, ती दिसण्यातली नव्हतीच. चौकट सरकायची. आमच्याकडे व्हिट्रिफाइड टाइल्स आहेत, आजकाल सगळीकडेच असतात. प्रत्येक झोक्याबरोबर चौकटीला किंचित धक्का बसतो आणि गुळगुळीत फरशीवर ती तसूतसूने पुढे जाते. संध्याकाळी दोघं जण अर्धा तास बसले, की पायाशी बघावं तर झोपाळा बाल्कनीच्या दाराकडे निघालेला. काही दिवसांनी दोघांनी धरून तो मागे ढकलायचा. खाली रबराचे बूच लावले, तर ते दबून पसरले आणि फरशीवर काळे वण उठले. जाजम टाकलं, तर झोपाळ्याबरोबर जाजमही गोळा होऊ लागलं. शिवाय कुरकुर. ती पितळेची किणकिण नसते, फरशीवर लाकूड घासल्याचा आवाज असतो आणि खालच्या मजल्यावर तो वरच्यापेक्षा जास्त ऐकू जातो. झाडू मारणाऱ्या बाईंची तक्रार वेगळीच होती. खालच्या आडव्या दांड्याशी केर अडायचा.

यात कारागिराचा काडीमात्र दोष नाही. माझ्या सासुरवाडीला असाच झोपाळा कोटा फरशीवर आहे. कोट्याला खरखर असते, तिथे तो जागचा हलत नाही. जुनं आणि नवं जुळवताना आपण रंग, पडदे, उशांचे अभ्रे बघत बसतो. जुन्या वस्तूचे पाय नव्या फरशीवर कसे टेकणार, तिचं वजन नव्या छताला कुठे लागणार, हे कोणी विचारत नाही, आणि रोजचं सुखदुःख तिथेच असतं.

टांगत्या पाटाला फरशीशी देणंघेणं नाही, पण छताशी आहे. जुन्या वाड्यांत कड्या लाकडी तुळईला असत. फ्लॅटमध्ये स्लॅब असतो. बडोद्यात बरेच बिल्डर स्लॅब भरतानाच हुक टाकून देतात, तसे असतील तर निम्मं काम झालं. मात्र वर पीओपी केल्यावर ते झाकले जातात, म्हणून पीओपीवाल्याला आधीच सांगून जागा मोकळी ठेवून घ्या. हुक नसतील तर घरच्या घरी भोक पाडायला जाऊ नका. स्लॅबमध्ये सळया असतात, विजेच्या नळ्या असतात. स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवून, शक्य तर बीममध्ये हुक बसवून घ्यावेत. झोका घेताना हुकावर येणारा ताण बसलेल्या माणसांच्या वजनापेक्षा जास्त असतो, हेही त्याला माहीत हवं.

एवढं केल्यावर जे मिळतं ते चौकटीवर मिळत नाही. झोक्याचा वेळ कड्यांच्या लांबीवर ठरतो, लंबकासारखा. लांबी चौपट झाली की वेळ दुप्पट. चौकटीत चारेक फूट लांबी मिळते, म्हणजे एक पूर्ण झोका दोन सेकंदांहून थोडा जास्त. साडेनऊ फुटांच्या छतातून टांगलात तर आठ फूट मिळतात आणि तोच झोका तीन सेकंदांच्या वर जातो. कागदावर फरक एका सेकंदाचा, पण जेवल्यावर पान खात बसलेल्या माणसाला तो लगेच कळतो. चौकटीवरचा झोपाळा लगबगीने हलतो. पाट संथ जातो, संथ येतो, मध्ये पाय टेकवावा लागत नाही.

दिसण्यातही पाट नव्या खोलीशी भांडत नाही. एक आडवी फळी, चार पितळी रेघा, खाली मोकळी फरशी. पलीकडची बाल्कनी दिसत राहते. जुनेपण आहे, पण ते कड्यांच्या पोपटांत आणि हत्तींत, जवळ गेल्यावर दिसणारं. आमच्या एका कडीतल्या पोपटाची चोच झिजून गोल झाली आहे, मुलं येता-जाता तिथेच हात धरतात. घरात मोठं कार्य निघालं की पाट उतरवून भिंतीला उभा करता येतो. चौकट कुठे नेणार?

पाट घेताना तीन गोष्टी बघाव्यात. कड्यांना चुंबक लावा. चिकटलं तर आत लोखंड आहे, वर नुसता मुलामा. पितळ वजनावर विकलं जातं, तेव्हा हे आधीच कळलेलं बरं. पाट जुना असेल तर उलटा करून खालची बाजू बघा. बारीक भोकांतून ताजी भुकटी पडत असेल तर आत कीड जिवंत आहे. सागाच्या गाभ्याला ती सहसा धजत नाही, पण कडेच्या फिकट लाकडात शिरते. तिसरं म्हणजे कडी अडकते तिथला हुक बोटाने चाचपून बघा. आतून झिजून पातळ झाला असेल तर सगळी कडी टाकायची गरज नाही, तेवढा हुक नवा करून घ्या.

पाटाचीही कटकट आहेच. पावसाळ्यात पितळ काळवंडतं, दिवाळीआधी पितांबरी घेऊन बसावं लागतं आणि पोपटांच्या पिसांत अडकलेली पूड काढताना नखं दुखतात. कड्या कुरकुरू लागल्या की हुकात तेल घालायचं, ते जास्त झालं तर पाटावर डाग. मला हे चालतं. वर्षातून दोनदा करायचं काम आहे, रोज संध्याकाळी नाही.

तरीही भाड्याचं घर असेल, जुना स्लॅब असेल, किंवा सोसायटी छताला हात लावू देत नसेल, तर सांखेडाच घ्या, आणि तो जिथे राहणार तेवढ्या भागात खरखरीत फरशी बसवता आली तर उत्तम. सुटा करून दुसऱ्या घरी नेता येतो, ही त्याची मोठीच सोय. लहान मुलांच्या घरातही तो बरा, फार उंच जात नाही. हुक टाकण्याची मुभा असेल तर मात्र मी पाटाकडेच झुकेन.

कड्यांची लांबी सांगताना पाटावरची गादी हिशेबात धरा. गादी धरून बैठक फरशीपासून १७-१८ इंचांवर आली तर पाय सहज टेकतो. आजी-आजोबा बसणार असतील तर त्यांना एकदा बसवून, मग शेवटची कडी अडकवा.