पाडसांच्या हगवणीवर इलेक्ट्रोलाइट पावडर : पाच महिने वापरल्यावर

घेतली तेव्हा वाटलं होतं, हगवण थांबवायचं औषध आणलं. ते हिचं कामच नाही. हगवण आपल्या वेळेने थांबते. तोवर पाडसाच्या अंगातलं पाणी आणि क्षार भरून काढायचे, एवढंच ही करते, आणि चोख करते. या हंगामात आमच्या फॅलो जातीच्या हरणांच्या सात पाडसांना हगवण लागली. सहा वाचली.

सातवं गेलं ते आमच्या नजरचुकीने. पहिले काही दिवस पाडस गवतात दडून असतं आणि हरिणी त्याची शी चाटून साफ करते, त्यामुळे शेपटीखाली काही दिसतच नाही. आम्ही म्हणत राहिलो, गरीब आहे, शांत पडून असतं. उचललं तेव्हा डोळे खोल गेलेले, तोंडात बोट घातलं तर आत गार, आणि बोट चोखायची ओढच नाही. त्या अवस्थेत तोंडावाटे पाजून भागत नाही, शिरेतून सलाइन लागतं. डॉक्टर आले तोवर उशीर झाला होता. आता मी रोज लांबून दुर्बिणीने बघतो, कोण आईला लुचतंय आणि कोण नाही.

खरी तक्रार पाकिटाची. सगळं माप वासराच्या हिशोबाने: एक पाकीट, दोन लिटर पाणी. चार किलोच्या पाडसाला एका वेळी शंभर-दीडशे मिली पुष्कळ होतं. सुरुवातीला मी पाकिटातली चमचाभर पावडर काढून थोड्या पाण्यात कालवायचो. पण साखर आणि मीठ पाकिटात सारखं मिसळलेलं राहत नाही, चमच्यात काय येईल त्याचा नेम नाही. खारट झालं तर उलट आतड्यात पाणी ओढलं जातं. म्हणून आता अख्खं पाकीट दोन लिटरमध्ये विरघळवतो, फ्रिजमध्ये ठेवतो, लागेल तेवढं कोमट करून पाजतो आणि चोवीस तासांनी उरलेलं ओतून देतो. वाया जातं, जाऊ दे. किती द्यायचं त्याचा डॉक्टरांनी शिकवलेला हिशोब सोपा आहे: चार किलोचं पाडस अंदाजे आठ टक्के सुकलं असेल, म्हणजे वजनाच्या आठ टक्के पाणी गेलं असेल, तर 320 मिलीची तूट. ती दिवसभरात थोडी थोडी भरायची, रोजची गरज आणि हगवणीतून जाणारं पाणी वेगळं धरायचं.

आधी दुसरी पावडर होती, सोडा बायकार्बवाली, म्हणजे खाण्याच्या सोड्याची. तिने पोटातलं आम्ल कमी होतं आणि दूध नीट फाटत नाही, म्हणजे पचनाची पहिली पायरीच अडते. ही अ‍ॅसिटेट नावाच्या वेगळ्या क्षाराची आहे, दुधाच्या आड येत नाही. तरी दुधात कालवायची नाही, दोन दुधांच्या मधल्या वेळेत द्यायची. आणि दूध तोडायचं नाही! मागच्या वर्षी "पोटाला आराम" म्हणून मी दोन दिवस दूध बंद ठेवलं होतं. हगवण कमी दिसली खरी, पाडस मात्र उपाशी राहून खंगलं.

दोन पाडसांच्या शीच्या नमुन्यात क्रिप्टोस्पोरिडियम हा हगवण लावणारा परजीवी जंतू निघाला. त्यावर नेहमीच्या अँटिबायोटिकचा उपयोग नाही, पावडर आणि ऊब यांवरच काढलं. हा जंतू माणसालाही लागतो आणि साध्या ब्लीचला दाद देत नाही. मदतीला आलेला भाऊ हात न धुता जेवायला बसला. आठवड्याने तोही इलेक्ट्रोलाइट पीत होता. रक्त पडत असेल, ताप असेल किंवा अंग गार लागत असेल तर पावडरीच्या भरवशावर थांबू नका. नळीने पाजणंही समोर बसून शिकल्याशिवाय करू नका, नळी श्वासनलिकेत गेली तर पाडस जागच्या जागी जातं.

चव बहुतेकांना चालते. एकाने दर वेळी थुंकून माझी बाही भिजवली. मोठा डबाही मिळतो, पण उघडला की महिन्याभरात गठ्ठे होतात, त्यामुळे पुढच्या हंगामाला हीच घेणार, सुट्या पाकिटांतच.