टूकनच्या चोचीसाठी मागवलेले मार्कर

सांगलीत विश्रामबागेत माझा चित्रकलेचा छोटा क्लास आहे. गेल्या जूनमध्ये क्लासमधल्या पाच मुलांच्या पालकांनी विश्वासाने दिलेले ७,४९५ रुपये माझ्या हातून एका ठगाकडे गेले. त्यानंतर काही दिवसांनी माझे स्वतःचे तेवढेच पैसे गेले. याबद्दल लिहायचं धाडस होत नव्हतं. पण परवा मिरजेच्या एका शिक्षिकेने, मी ज्या मार्करच्या जाहिरातीला फसले तीच जाहिरात मला पाठवली, "स्वस्त आहे, मुलांसाठी घेऊया का?" म्हणून. मग लगेच लिहायला बसले.

सुरुवात क्लासमध्ये रंगवायला घेतलेल्या टूकन पक्ष्यापासून झाली. मोठी चोच बघून पोरं म्हणाली, "हा तर आपला धनेश!" धनेश आपल्या सह्याद्रीत आहे, टूकन मात्र फक्त अमेरिका खंडात, दक्षिण मेक्सिकोपासून खाली. दोघांचं नातं जवळचं नाही. चोच बाजूला ठेवून मी त्यांना पाय बघायला लावले. टूकनची दोन बोटं पुढे, दोन मागे. धनेशाची तीन पुढे, एक मागे. मुलांनी दोन दिवस नुसते पायच काढले.

आम्ही निवडला होता तो बेलीझ देशाचा राष्ट्रीय पक्षी, इंद्रधनुष्यी चोचीचा टूकन. अंग काळंभोर, गळा आपल्या मार्केट यार्डातल्या हळदीसारखा पिवळा. चोच हिरवी, तिच्यावर नारिंगी पट्टा, खाली निळसर झाक आणि टोक लाल. हिरव्यातून नारिंगीत जाताना मध्ये रेघ दिसता कामा नये. साध्या स्केचपेनने ते होत नाही. दुसरा हात फिरवला की कागदाचा लगदा निघतो. अल्कोहोल मार्करची शाई ओली असताना शेजारच्या रंगात मिसळते. आधी फिका लावायचा, त्याला चिकटून गडद, आणि सांध्यावरून पुन्हा फिका. काळा सगळ्यात शेवटी, नाहीतर पिवळ्या पेनाचं टोक काळं होऊन बसतं.

हे मार्कर महाग. जपानचे कॉपिक १९८७ पासून आहेत, त्यांच्या एका मालिकेत ३५८ रंग मिळतात, पण एकेका पेनालाच काही शे रुपये पडतात. आठवीतल्या एका मुलीचे वडील हळदीच्या अडत्याकडे दिवाणजी आहेत. तिला सेट हवा होता, पण घरी मागायची तिची हिंमत होत नव्हती.

त्याच आठवड्यात मोबाईलवर जाहिरात आली. दोन तोंडांचे ८० अल्कोहोल मार्कर, १,४९९ रुपये, "गोडाऊन रिकामं करायचंय". वर फोटो, याच मार्करने रंगवलेला म्हणे, अगदी आमचाच टूकन. चोच इतकी सुंदर उतरली होती की मी बाकी काही पाहिलंच नाही. खाली घड्याळ उलटं पळत होतं, ऑफर संपायला चाळीस मिनिटं. पाच सेट असल्यामुळे माल आल्यावर पैसे द्यायची सोय नाही, असं चॅटवर सांगितलं. मी पालकांना फोन केले, पैसे गोळा केले आणि यूपीआयने भरून टाकले. त्या साइटवर ना पत्ता होता, ना जीएसटी नंबर. ऑनलाइन विकणाऱ्याने स्वतःचं नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव दाखवलंच पाहिजे, असा २०२० पासून नियम आहे. तो मला नंतर कळला.

पार्सल बाराव्या दिवशी आलं. मुलांसमोरच फोडलं. टोपण काढल्यावर अल्कोहोलचा वास यायला हवा, तो अजिबात नव्हता. आयव्हरी शीटवर पट्टा ओढला तर कडेने गडद, मध्ये फिका. अल्कोहोलची शाई कागदाच्या पाठीमागे उतरते, म्हणून आम्ही खाली रद्दी ठेवतो. ही रद्दी कोरी राहिली. वाळलेल्या पट्ट्यावर पाण्याचा थेंब टाकला, बोट फिरवलं, आणि सगळा रंग बोटाला आला. खऱ्या मार्करचा रंग वाळला की पाण्याने हलत नाही. टोपणं आठ छटांची पिवळी, आत शाई दोनच प्रकारची. 'वायजी', म्हणजे पोपटी, लिहिलेल्या एका पेनातून चक्क नारिंगी रंग आला. त्या मुलीने काही न बोलता सगळी टोपणं परत लावली आणि पेनं ओळीने डब्यात ठेवली. ते बघून माझ्या पोटात कालवलं.

खरा धोका इथून पुढे होता, म्हणून हे नीट वाचा. साइटवरच्या नंबरवर मी तक्रार केली. लगेच फोन आला. माणूस स्वच्छ मराठी बोलणारा, "ताई, चूक आमचीच आहे, आत्ता पूर्ण रिफंड देतो." व्हॉट्सॲपवर क्यूआर कोड पाठवला. स्कॅन केल्यावर रक्कम दिसली, ७,४९५. "आता पिन टाका, म्हणजे जमा होईल." मी पिन टाकला. खात्यातून ७,४९५ वजा झाल्याचा मेसेज आला. तो म्हणाला, "सर्व्हर अडकलाय, पुन्हा करा, दोन्ही मिळून येतील." तेव्हा मी फोन ठेवला.

पैसे घ्यायला पिन लागत नाही. कधीच नाही. पिन मारला की पैसे जातात, मग समोरचा काहीही सांगो.

आणखी एक चूक मला फार लागते. त्या रात्री लाजेने मी कुणालाच बोलले नाही. सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरवर फोन केला तो दुसऱ्या दिवशी दुपारी. लगेच फोन केला तर पैसे ज्या खात्यात गेलेत तिथेच गोठवता येण्याची शक्यता असते. माझे तोवर दुसऱ्या खात्यात फिरले होते. तक्रार क्रमांक मिळाला, बँकेत लेखी अर्ज दिला, पोलिसांतही जाऊन आले. तिथे कुणी मला हसलं नाही, नीट बसवून घेऊन सगळं विचारलं. मालाची तक्रार ग्राहकांच्या १९१५ हेल्पलाइनवर वेगळी केली. पैसे अजून आलेले नाहीत.

पालकांचे पैसे मी माझ्याकडून परत केले. दिवाणजी घेईनात. "मॅडम, तुम्ही काय मुद्दाम केलंत का?" म्हणाले. शेवटी त्यांच्या मुलीच्या दप्तरात पाकीट ठेवलं.

नंतर गावातल्या एका दुकानातून सुटे सात मार्कर आणले. दुकानदाराने एकेक पेन रद्दीवर ओढून दाखवलं, कागद उलटा करून डाग दाखवला, मगच बिल केलं. सात पेनं पाच मुलांनी आळीपाळीने वापरली आणि पाच टूकन पूर्ण झाले.

मिरजेहून आलेली जाहिरात मी क्लासमध्ये मुलांना दाखवली. साइटचं नाव बदललंय, नंबर बदललाय, फोटो तोच. त्या मुलीने मोबाईल जवळ घेऊन तो मोठा केला आणि म्हणाली, "मॅडम, याच्या पायाला पुढे तीन बोटं आहेत."

हिरव्या फांदीवर बसलेला टूकन, पायाला पुढे तीन बोटं, खाली उलटं पळणारं घड्याळ. तुमच्याकडे हा फोटो आला तर पैसे भरू नका, आणि ज्याने पाठवला त्यालाही आत्ताच कळवा.