मामांच्या पायाची जखम: स्टेम सेलचा स्राव, पीआरपी की प्लास्टर?

मामांच्या अंगठ्याखालची जखम दोन महिने भरेना, तेव्हा एका क्लिनिकने ‘एक्सोसोम’ सुचवले. बोटाएवढी कुपी, आत पाण्यासारखं काहीतरी. नेमकं काय आहे विचारलं तर उत्तर, “स्टेम सेलचं आहे, एकदम लेटेस्ट.” मधुमेही पायाच्या जखमेपायी तुम्हीही अशाच पेचात असाल, तर मी विचारपूस करून जे ताडलं ते सांगतो.

कल्पना थापेबाजीची नाही. अस्थिमज्जेत, चरबीत किंवा नाळेत सापडणाऱ्या ‘मेसेनकायमल स्टेम सेल’ नावाच्या पेशी जखमेत सोडल्या की त्याच नवी कातडी होतील, असं आधी वाटायचं. पण टोचलेल्या बहुतेक पेशी थोड्याच काळात नाहीशा होतात, आणि तरी परिणाम दिसतो. म्हणजे काम त्यांच्या स्रावाचं. या पेशींचं हे नाव १९९१मध्ये रूढ करणारे आर्नल्ड कॅपलान यांनीच २०१७मध्ये ‘स्टेम’ हा शब्द काढा, असा आग्रह धरला होता. या स्रावात नव्या केशवाहिन्या फुटायला मदत करणारं व्हीईजीएफसारखं प्रथिन असतं, आणि ३० ते १५० नॅनोमीटरच्या पिशव्या असतात. त्याच एक्सोसोम. मधुमेही जखम सुजेच्या टप्प्यावरच अडकून पडते. तिथल्या लढाईवर असलेल्या पेशींना हा स्राव डागडुजीकडे वळवतो.

जिवंत पेशी आणि स्राव यांत निवडायचं तर कागदावर स्राव सरस. पेशी जिवंत ठेवायची कटकट नाही, त्या भलतीकडे वाढतील ही धास्ती नाही, सुकवून पूड करूनही ठेवता येतो. पण हे विरजणासारखं आहे. दूध तेच, तरी दोन घरांचं दही वेगळं. पेशी कुणाच्या, किती वेळा वाढवलेल्या, ऑक्सिजन किती दिला, यावर स्राव बदलतो. एका नावाच्या दोन कुप्यांत एकच माल असेलच असं नाही. शिवाय पुराव्याचा मोठा भाग उंदरांवरचा. उंदराची सैल कातडी आक्रसून जखम मिटवते, आपली मुख्यतः नवी ऊती भरून. अमेरिकेत नेब्रास्कातल्या काही रुग्णांना एक्सोसोमनंतर गंभीर त्रास झाला आणि डिसेंबर २०१९मध्ये तिथल्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, जाहीर इशारा दिला.

पीआरपी म्हणजे आपल्याच रक्तातून वेगळा केलेला, प्लेटलेट दाटलेला द्रव. यात निदान माल कुणाचा हे ठाऊक असतं. पण मधुमेही पायाच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०२३च्या मार्गदर्शनात नेहमीच्या पीआरपीची शिफारस केली नाही. ग्रोथ फॅक्टर, म्हणजे पेशींना वाढायला लावणारं प्रथिन, त्याच्या जेलमध्ये घटक एकच, पण मोजून घातलेला. अशा बेकाप्लर्मिन जेलला अमेरिकेत १९९७मध्येच मान्यता मिळाली. तरी त्याच मार्गदर्शनात जेलचीही शिफारस नाही.

आता कुणी जाहिरात करत नाही ते. मामांना तळव्याला काही जाणवतच नाही. संडासला जाताना, देवापुढे उभं राहताना, प्रत्येक पावलाला सगळा भार त्याच जखमेवर. कुपीतलं अमृत लावलं तरी पुढच्या पावलाला ते चिरडणार! शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी वेल्लोरला कुष्ठरोग्यांच्या बधिर पायांना प्लास्टर घातलं ते याचसाठी. पायाला रक्त नीट पोचत असेल आणि पू नसेल, तर रुग्णाला स्वतःहून न काढता येणारं गुडघ्यापर्यंतचं प्लास्टर किंवा बूट आजही पहिली निवड आहे. मामांचं रक्त तपासलं, साखर तपासली, पण भार काढायचं दोन महिन्यांत कुणीच बोललं नव्हतं. याचा राग मला अजून आहे.

म्हणून माझा क्रम असा: आधी रक्तपुरवठा, पू, साखर, मेलेली ऊती काढणं आणि प्लास्टर. चार आठवड्यांत जखमेचं क्षेत्रफळ निम्मंही घटलं नाही, तर पुढचं बघायचं. स्राव घ्यायचाच असेल तर नोंदणी झालेल्या चाचणीत. सीटीआरआय या भारतातल्या चाचण्यांच्या नोंदवहीतला क्रमांक मागा, आणि पैसे मागितले तर उठून या. भारतात रक्ताच्या विकारांसाठीचं प्रत्यारोपण सोडलं, तर स्टेम सेल उपचार आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शनानुसार चाचणीतच करायचे असतात.

दर रविवारी प्लास्टर बदलताना मामी जखमेवर पारदर्शक प्लास्टिक धरतात आणि मी मार्करने कड गिरवतो. तीन तुकडे झाले. एकावर एक ठेवले की प्रत्येक रेघ आधीच्या रेघेच्या आत बसते. चौथा या रविवारी.