फुल सस्पेन्शन सायकल : नऊ महिने आणि एक अख्खा पावसाळा

"एवढ्या पैशांत दोन स्कूटर आल्या असत्या," असं आई म्हणाली होती. अजूनही अधूनमधून म्हणते.

नोव्हेंबरात घेतली ही फुल सस्पेन्शन, म्हणजे पुढं-मागं दोन्हीकडं शॉक असलेली सायकल. पहिली टेस्ट राइड दुकानासमोरच्या डांबरी रस्त्यावर, जेमतेम दहा मिनिटांची. दोन सायकली चालवल्या. एक छान कडक, पॅडल मारलं की सुटायची. दुसरी पॅडलगणिक डुलायची, लहानपणीच्या डबल शॉकरची आठवण यावी अशी. कडकवालीचा ॲडव्हान्स देणारच होतो, तेवढ्यात मित्राचा फोन आला. म्हणाला, "अरे, सॅग लावला होता का?"

नव्हता लावला. सॅग म्हणजे आपण बसल्यावर आपल्या वजनानं शॉक किती दबतो ते; शॉकमधली हवा कमी-जास्त करून तो जुळवायचा. पुढच्या रविवारी त्याचा शॉक पंप घेऊन परत गेलो. मागच्या शॉकच्या दांड्यावर एक बारीक रबरी रिंग असते. ती सीलपर्यंत सरकवायची, पाठीवर पाण्याची बॅग घेऊन सीटवर नीट बसायचं आणि न उसळता हळूच उतरायचं. शॉकचा स्ट्रोक, म्हणजे तो जास्तीत जास्त जेवढा दबतो ते अंतर, 50 मिमी असेल तर रिंग 15 मिमीच्या आसपास सरकायला हवी, म्हणजे 30 टक्के. कडकवालीत ती सहावरच थांबली! कुणा धिप्पाड गिऱ्हाइकासाठी हवा भरलेली, ती तशीच राहिलेली. डुलणारीत हवा कमी होती. म्हणजे आदल्या आठवड्यात मी सायकली नाही, हवाच तपासून आलो होतो.

हवा जुळवल्यावर, ओळखपत्र ठेवून, दोन्ही पुण्यातल्या वेताळ टेकडीवर नेल्या. एका चढावर सुटी खडी आहे. तिथं माझ्या जुन्या हार्डटेलचं (मागं शॉक नसलेल्या सायकलचं) मागचं चाक जागच्या जागी गरगरायचं आणि मी उतरून ढकलायचो. डुलणारी तिथं दगडाला चिकटून चढली. तीच घेतली. मागे 130 मिमी ट्रॅव्हल (चाक तेवढं वर-खाली होतं), 29 इंची चाकं. उंची पाच फूट सात, म्हणजे एम आणि एल या मापांच्या मधोमध. उतारावर उभं राहिल्यावर एलमध्ये हात फार ताणले जात होते, म्हणून एम. ड्रॉपर पोस्टला, म्हणजे चालवता चालवता बटण दाबून सीट खाली-वर करायच्या दांडीला, मी फाजील चैन समजत होतो. आता ती नसेल तर उतारावर जीव घाबरतो.

आता तक्रारी. वजन 15 किलो, तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट नाही. डांबरावर लॉकआउट (शॉक दबू न देणारी कळ) लावूनही हार्डटेलच्या मित्रांमागे धापा टाकतो. आणि जुलै! चिखलातून आल्यावर प्रेशर वॉशर मारायचा शहाणपणा मी दोनदा केला. तिसऱ्या आठवड्यात मागून करकर सुरू. पिव्हटच्या, म्हणजे फ्रेमच्या हलत्या सांध्यांच्या, बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन गेलं होतं, दोन बदलाव्या लागल्या. त्या यायला सतरा दिवस लागले, तोवर जुनी हार्डटेल. आता बादली, मऊ ब्रश, आणि महिन्यातून एकदा टॉर्क रेंचनं (नेमक्या जोरानं आवळायच्या पान्यानं) पिव्हटचे बोल्ट तपासतो. शॉकच्या एअर कॅनची, म्हणजे हवेच्या नळकांड्याची, सर्व्हिस साधारण 50 तासांनी. विकत घेताना हा खर्च मला कुणी सांगितला नव्हता, मीही विचारला नव्हता.

तुम्ही बघायला जाल तेव्हा स्वतःचे बूट, स्वतःची बॅग आणि उसना का होईना, शॉक पंप न्या. टेकडीवर न्यायला दुकानदार नाहीच म्हणाला, तर निदान फुटपाथच्या कडेवरून बसल्या बसल्या चार-पाच वेळा उतरवून बघा.